खाण्यापिण्याच्या उताऱ्यांतून मराठी शब्द शिकवणे: उतारे, क्रम, अडचणी

पाटावरवंटा

अमराठी प्रौढ आणि परदेशातल्या मराठी शाळांतली मुलं, दोघांनाही मराठी शिकवताना जेवणखाण हा विषय हमखास घेतला जातो. घ्यायलाच हवा. पण बहुतेक ठिकाणी सुरुवात भाज्यांच्या यादीने होते: वांगं, भेंडी, गवार, दोडका, पडवळ, घोसाळं, सगळं एकाच दिवशी. आठवड्याने विचारलं की दोडक्याला पडवळ आणि पडवळाला घोसाळं म्हणतात. हा शिकणाऱ्याचा दोष नाही. थॉमस टिंकहॅम यांनी १९९० च्या दशकात बनावट शब्द वापरून काही प्रयोग केले होते. एकाच जातीचे नवे शब्द एकत्र दिले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला वेळ जास्त लागतो. एका प्रसंगाभोवतीचे शब्द दिले तर सोपं जातं, असं त्यांत दिसलं. पाककृती हा असा तयार प्रसंग आहे. त्यात एक भाजी, एक भांडं, दोन मसाले आणि सात-आठ क्रियापदं असतात, आणि प्रत्येक शब्दाचं काम वेगळं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की नामं आपोआप येतात, उतारा निवडायचा तो क्रियापदांसाठी. पहिला उतारा म्हणून पिठलं सगळ्यात बरं. हा घ्या:

«कढईत दोन चमचे तेल तापवा. तेलात मोहरी घाला. मोहरी तडतडली की हिंग आणि हळद घाला. बारीक चिरलेला कांदा फोडणीत परता. कांदा गुलाबी झाला की अडीच वाट्या पाणी घाला. पाण्याला उकळी आली की मीठ घाला. एका हाताने एक वाटी डाळीचे पीठ भुरभुरा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. गुठळ्या होऊ देऊ नका. झाकण ठेवून मंद आचेवर वाफ काढा. वरून कोथिंबीर पेरा.»

साठेक शब्द आहेत. ‘घाला’ चार वेळा येतं, म्हणून ते वेगळं पाठ करावं लागत नाही. ‘की’ची रचना तीनदा येते: मोहरी तडतडली की, कांदा झाला की, उकळी आली की. लिंगाचा तक्ता न दाखवता मोहरी आणि उकळी स्त्रीलिंगी, कांदा पुल्लिंगी, हे कानात बसतं. दुसऱ्या दिवशी मोहरीऐवजी जिरं घालायचं. ‘जिरं तडतडलं की’ म्हणताच नपुंसकलिंगही आलं.

किती अनोळखी शब्द चालतील? मदतीशिवाय वाचायचं असेल तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम सांगतं. वर्गात, समोर शिकवणारा असताना, साठ शब्दांच्या उताऱ्यात आठ-दहा नवे चालतात. त्यापुढे गेलं की वाचन थांबतं आणि कोडं सोडवणं सुरू होतं.

तुम्ही कोणते उतारे वापरता, कोणत्या क्रमाने, आणि कुठे अडतं, ते लिहा.

सामान्यरूप

पिठल्याच्या निवडीला अनुमोदन. त्या उताऱ्यातून आणखी एक गोष्ट काढता येते, ती सोडू नका.

‘डाळीचे’ आणि ‘आचेवर’ शेजारी ठेवा. डाळ आणि आच, दोन्ही अकारान्त स्त्रीलिंगी. एकाचं रूप ‘डाळी-’ होतं, दुसऱ्याचं ‘आचे-’. शिकणारे इथे हमखास चुकतात. अनेकवचन माहीत असेल तर उत्तर हाताशी असतं: डाळ–डाळी म्हणून डाळीचे, चिंच–चिंचा म्हणून चिंचेचा कोळ. अडचण येते ती मोजता न येणाऱ्या पदार्थांची. साखर, हळद यांचं अनेकवचन कोणी वापरत नाही, त्यामुळे साखरेचा पाक आणि हळदीचं दूध हे जोडशब्द म्हणूनच पाठ करायचे.

दुसरं म्हणजे स्वर. गूळ, तूप, पीठ, मीठ ही दोन अक्षरी नामं ऱ्हस्व होतात: गुळाची पोळी, तुपाची धार, पिठाचा डबा, मिठाचा खडा. तीन अक्षरी शब्दात मधला दीर्घ ई-ऊ गळून तिथे अ येतो: तांदूळ–तांदळाची उकड, कणीक–कणकेचा गोळा, लसूण–लसणाची चटणी. हे नियम फळ्यावर लिहून कंटाळा येतो. त्यापेक्षा डब्यांवर चिठ्ठ्या लावा. डब्याच्या पुढच्या बाजूला ‘तांदूळ’ आणि झाकणावर ‘तांदळाचा डबा’. दोन्ही रूपं रोज डोळ्यांखालून जातात.

उजळणीच्या कार्डावर मूळ शब्द एकटा कधीच लिहू नका. ‘पीठ’ लिहिलं तर हिंदी भाषकाला आधी पाठ दिसते. ‘पिठात पाणी घाला’ लिहिलं की प्रश्न उरत नाही.

चिमूटभर

हिंदीतून मराठीकडे येणाऱ्यांसाठी ‘पीठ’सारखे आणखी फसवे शब्द कोणते? आणि ‘मीठ टाका’ हे चूक समजायचं का? रस्त्यावर तर सगळे टाकाच म्हणतात.

पाटावरवंटा

@चिमूटभर, ‘टाका’ चूक म्हणून तोडू नका. मुंबईत आणि विदर्भात ते सर्रास ऐकू येतं. मात्र शिकवताना ‘घाला’ द्या, कारण ‘टाकणे’ला दुसरा, उलटा अर्थ आहे. ‘पानात टाकू नका’ म्हणजे वाढलेलं अन्न शिल्लक ठेवू नका. दोन्ही एकदम आले तर गोंधळ होतो. ‘घाला’ पक्कं झालं की दोन महिन्यांनी ‘टाका’ ओळखीला पुरेसं.

फसव्यांपैकी महत्त्वाचे सांगतो. ‘ओला’ म्हणजे भिजलेला, पण ओला नारळ, ओली हळद, ओले काजू यांत तो ‘ताजा, न वाळवलेला’ आहे. ‘चटणी’ म्हटलं की हिंदी भाषकाला पातळ, हिरवी चटणी आठवते. आपल्याकडे शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी कोरडी असते. ‘खारट’ म्हणजे मीठ जास्त झालेलं. ‘आमटी खारट आहे’ ही तक्रार आहे, वर्णन नाही. खाऱ्या शेंगदाण्यांना खारट म्हटलं तर ते बिघडलेत असा अर्थ होतो. आणि मीठ कमी पडलं तर ‘अळणी’.

आता क्रियापदांचा क्रम. चिरणे, कापणे, किसणे, खवणे, सोलणे, खुडणे हे सगळे एका दिवशी देऊ नयेत, नाहीतर पुन्हा भाज्यांच्या यादीचीच गत. कांदा पिठल्यात चिरला. गाजराच्या कोशिंबिरीत किसणे घ्या, मोदकात खवणे, मेथीच्या भाजीत खुडणे. प्रत्येकाला स्वतःचं हत्यार आणि स्वतःचा पदार्थ मिळाला की ते मिसळत नाहीत. खवला जातो फक्त नारळ; गाजर कोणी खवत नाही.

भाजणे-परतणे या जोडीला वेगळा वेळ द्या. भाजण्यात कोरडी उष्णता किंवा थेट आच असते: शेंगदाणे, पापड, वांगं, पोळी. परतण्यात थोडं तेल आणि उलथणं फिरवत राहणं. पण लाडवाचं बेसन तुपात घोळूनही ‘भाजतात’, परतत नाहीत. कारण तिथे कच्चेपणा जाऊन खमंग वास सुटेपर्यंत, मंद आचेवर बराच वेळ, रंग बघत करायचं असतं. ही अडचण शिकणाऱ्याने विचारायच्या आधी आपणच काढावी.

भाकरतुकडा

भाकरी आणि पोळीचे दोन उतारे सलग न घेता मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या. नंतर दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायला सांगा. कारणासकट शिकवलं तर शब्द टिकतो. कणकेत ग्लूटेन असतं, ती ताणली जाते, म्हणून पोळी लाटतात. ज्वारीच्या पिठात ते नसतं, म्हणून गरम पाण्यात मळून भाकरी थापतात. पीठ जुनं झालं की त्याची ‘विरी जाते’, भाकरीला कडेने चिरा पडतात. पोळीला पदर सुटतात, भाकरीला पापुद्रा येतो. पोळी तव्यावर भाजतात, भाकरीची वरची बाजू पाणी लावून उलटतात आणि मग आचेवर शेकतात. एवढ्यात दहा क्रियापदं झाली आणि प्रत्येकामागे ते का, हेही कळलं.

मापांच्या शब्दांसाठी वेगळा उतारा नको, ते हाताने शिकवता येतात. दोन बोटांत चिमूट, बंद हातात मूठ, एका तळहाताचा पसा, दोन्ही हातांची ओंजळ. गोळा लिंबाएवढा, सुपारीएवढा, आवळ्याएवढा. आल्याचा तुकडा बोटाच्या पेराएवढा. घट्टपणाचे शब्द मात्र उताऱ्यातूनच यावेत: ‘पळीवाढं पिठलं’ म्हणजे पळीने वाढता येईल इतपत सैल, आणि ‘सरसरीत पीठ’ म्हणजे भज्यांसारखं, ओघळणारं पण पाणचट नव्हे. यांना एका शब्दाचा प्रतिशब्द द्यायला गेलं की निम्मा अर्थ सांडतो. भांड्यात दाखवा.

सादळलेलाचिवडा

बिघडण्याचे शब्द कोणीच घेत नाही! पाककृतीच्या पुस्तकात सगळं नीट होतं, त्यामुळे उताऱ्यांत हे शब्द येतच नाहीत. स्वयंपाकघरात मात्र रोज लागतात. शिवाय मराठीत बिघडण्याचं प्रत्येक क्रियापद आपापला पदार्थ धरून असतं:

दूध उतू जातं किंवा नासतं. भात खाली लागतो, नाहीतर त्याचा गचका होतो. भाजी करपते. आमटी विटते. पीठ आंबतं. शेंगदाणे, खोबरं, तेल खवट होतं. चिवडा सादळतो. पावाला बुरशी येते. रव्यात पोरकिडे होतात. चिप्स वातड होतात.

शिकणारा सगळीकडे ‘खराब झालं’ म्हणतो. कळतं सगळ्यांना, पण ‘चिवडा नासला’ म्हटलं की ऐकणारा थबकतो. यासाठी मी ‘काय झालं आणि आता काय करायचं’ असे दोन-दोन ओळींचे उतारे सुचवीन:

«चिवडा सादळला आहे. कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परता, गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा.»

«भात खाली लागला आहे. ढवळू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा.»

दुसऱ्यात ‘ढवळू नका’ का, हे विचारा. ढवळलं तर करपलेला वास सगळ्या भाताला लागतो. कारण मराठीत सांगता आलं म्हणजे उतारा समजला. इथे ‘लागणे’ दोन वेगळ्या अर्थांनी आलं, तेही दाखवून द्या. तिसरा अर्थ ‘भूक लागली’ त्यांना आधीच माहीत असतो.

तर्रीपोहे

वर सगळं पुणे-मुंबईचं चाललंय, म्हणून विदर्भातली भर. नागपूरकडे बाजारात ‘सांबार’ मागितला तर कोथिंबिरीची जुडी मिळते. सांबारवडी म्हणजे कोथिंबीर भरलेली वडी, इडलीबरोबरच्या सांबाराशी तिचा संबंध नाही. बटाट्याला आलू, टोमॅटोला भेदरं, भुईमुगाच्या शेंगांना फल्ल्या. पुण्यात शिकून नागपुरात नोकरीला जाणाऱ्याला हे चार शब्द लागतातच.

पश्चिम महाराष्ट्रात गावाकडे भाजीला माळवं, रश्श्याला कालवण. मिरचीचा ठेचा कोल्हापुरात खर्डा होतो. कोकणात रातांब्याचं फळ, त्याच्या वाळवलेल्या सालीला आमसूल किंवा सोलं, आणि त्यावरून सोलकढी.

माझं मत असं की पहिले सहा महिने एकाच भागाची बोली ठेवावी, पण वाचनात एखादा उतारा दुसऱ्या भागातला घालून ‘इथे याला काय म्हणतात?’ एवढंच विचारावं. पाठ करायला लावू नये.

उजवीडावी

पाककृतीपेक्षा पंगतीचे उतारे अवघड असतात, पण संस्कृती तिथे आहे. सुरुवात ‘पान’ या शब्दापासून करा. झाडाचं पान, केळीचं पान, वहीचं पान, विड्याचं पान हे अर्थ शिकणाऱ्याला माहीत असतात. ‘पानं घेतली आहेत, चला’ म्हटलं की मात्र तो गोंधळतो, कारण समोर स्टीलची ताटं असतात. केळीच्या पानावर जेवण्याची रीत शब्दात शिल्लक राहिली आहे, एवढं सांगितलं की ‘पानावरून उठू नये’, ‘पान वाढलंय’ ही वाक्यं उलगडतात.

मग पान वाढण्याचा उतारा. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, वाटीत आमटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. सराव सोपा आहे: कोऱ्या कागदावर मोठं वर्तुळ काढायला द्यायचं, उतारा दोनदा वाचून दाखवायचा आणि पदार्थांची नावं जागच्या जागी लिहायला सांगायची. लोणचं उजवीकडे गेलं तर ‘डावीकडे’ कळलं नाही हे लगेच दिसतं. ‘डावं-उजवं करणे’ म्हणजे भेदभाव करणे, हा वाक्प्रचार त्यानंतर द्यावा.

‘वाढणे’ इथेच पक्कं करा. झाड वाढतं, किंमत वाढते, आणि मी भात वाढते. ‘वाढू का?’ला उत्तरं: ‘थोडासाच’, ‘अर्धी पोळी’, ‘पुरे’, ‘नको, झालं माझं’. आग्रह करण्याची पद्धत असल्यामुळे पहिल्या ‘नको’नंतर पुन्हा विचारलं जातं, हे सांगून ठेवा. ‘नारळ वाढवा’ म्हणजे मात्र नारळ फोडा. शुभ प्रसंगी ‘फोडणे’ हा शब्द टाळतात.

‘उष्टं’ आणि ‘खरकटं’ यांत गफलत होते. तोंड लागलेलं किंवा कोणाच्या ताटात उरलेलं ते उष्टं. अन्नाचे कण चिकटलेलं भांडं, ओटा, हात ते खरकटं. भांडं न खाताही खरकटं होतं, उष्टं होत नाही. यातूनच बाळाच्या पहिल्या घासाचा समारंभ, उष्टावण. तिथून केळवण आणि डोहाळजेवण हे दोन छोटे उतारे जोडता येतात.

‘फराळ’ही लक्षात ठेवा. दिवाळीचा फराळ म्हणजे चकली, करंजी, शंकरपाळे, चिवडा. उपासाचा फराळ म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, रताळ्याचा कीस. उपासाच्या दिवशी ‘फराळाला या’ म्हटल्यावर चकलीची अपेक्षा धरू नये.

सातासमुद्रापार

परदेशातल्या मराठी मुलांची अडचण उलटी असते. शब्द कानाला माहीत असतात, अक्षरं ओळखीची नसतात. ‘संपव’, ‘सांडू नकोस’, ‘तोंड पूस’ हे त्यांना येतं. म्हणून त्यांच्या उताऱ्यांत नवे शब्द कमी ठेवून वाचनाचे आणि उच्चारांचे खाचखळगे घ्यावेत.

दोन ठिकाणी ती सगळी अडतात. एक म्हणजे ‘फ’. फोडणी, फणस, फळ यांतला फ ओठ पूर्ण मिटून काढायचा, दात खालच्या ओठाला लावायचे नाहीत. दुसरं ‘च’ आणि ‘ज’. चव, चूल, चमचा यांतला च दातांजवळचा. चिवडा, चमचे यांतला टाळूजवळचा. पुढे इ, ई, ए किंवा य आला की उच्चार टाळूकडे सरकतो. ‘चमचा–चमचे’, ‘लोणचं–लोणच्याचं’, ‘भाजणे–भाजी’ या जोड्या मोठ्याने वाचून घ्या. लिपीत अक्षर एकच असल्यामुळे दाखवल्याशिवाय ते कळत नाही.

मोठ्या मुलांना शब्दांचा प्रवास आवडतो. बटाटा, पाव, काजू, अननस हे पोर्तुगिजांकडून आले. हापूस हे नाव अफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून. मिरचीही त्याच काळात आली. त्याआधी तिखटपणाला मिरी होती आणि मिरचीचं नाव तिच्यावरूनच पडलं. तूप कन्नडात तुप्प, कोथिंबीर कोत्तंबरी. दीडशे शब्दांत हा उतारा बसतो.

चिमूटभर

उजळणी किती दिवसांनी घेता? आणि ‘लसणाची’ की ‘लसणीची’?

सामान्यरूप

दोन्ही बरोबर. लसूण पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी, दोन्ही चालतो. ‘तो लसूण’ म्हणणाऱ्याची लसणाची चटणी, ‘ती लसूण’ म्हणणाऱ्याची लसणीची. एकाच वाक्यात ‘ती लसूण’ आणि ‘लसणाची’ नको, एवढंच.

उजळणीसाठी सेबास्टियन लाइटनरची १९७० च्या दशकातली कार्डांची पेटी अजून पुरते. पाच कप्पे करा. कार्ड बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. कार्डावर उताऱ्यातलं पूर्ण वाक्य आणि क्रियापदाच्या जागी रेघ: «एका हाताने पीठ ______ आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा.» ‘घाला’ लिहिलं तर व्याकरणाने बरोबर, पण पिठल्यात गुठळ्या होतील. ‘भुरभुरा’ आलं तरच कार्ड पुढे.

पाटावरवंटा

शेवटचा टप्पा म्हणून म्हणींचा उतारा घ्यायचा असेल तर दुधापासून तुपापर्यंतचा घ्या. त्याआधी म्हणी देऊ नका, नुसत्या पाठ होतात.

«दूध तापवून गार करा आणि साय काढा. जमवलेली साय कोमट करून त्यात चमचाभर विरजण लावा. साय फार गरम असेल तर चोथापाणी होते, गार असेल तर दही लागत नाही. लागलेले दही रवीने घुसळा. थोडे गार पाणी घातले की लोण्याचा गोळा वर येतो. लोणी काढून घ्या, खाली ताक उरते. लोणी मंद आचेवर कढवा. तूप पारदर्शक झाले आणि तळाशी बेरी दिसू लागली की गॅस बंद करा.»

आता ‘दुधाची तहान ताकावर’ समजायला काही सांगावं लागत नाही. ‘लोणकढी थाप’ म्हणजे नुकत्याच कढवलेल्या तुपासारखी ताजी थाप. फक्त ‘ताकाला जाऊन भांडं लपवणे’ अडतं, कारण त्यात एक चाल दडलेली आहे. लोणी काढल्यावर उरलेलं ताक विकायची पद्धत नव्हती. ज्यांच्या घरी दुभतं त्यांच्याकडे शेजारीपाजारी भांडं घेऊन मागायला जात. मागायचं तर आहे, पण मागायला आलोय हे दिसू द्यायचं नाही, म्हणून भांडं पदराआड.